गैरअर्जदार क्रमांक दोनचा वकील

बीडच्या जिल्हा न्यायालयात मोटार अपघाताच्या दाव्याची फाइल उघडली की पहिल्याच पानावर तीन पक्ष दिसतात. अर्जदार म्हणजे मयताची बायको, मुलं आणि बहुतेक वेळा म्हातारी आई. गैरअर्जदार क्रमांक एक गाडीचा मालक आणि क्रमांक दोन विमा कंपनी. चालकालाही सामील केलं असेल तर हे आकडे एकाने पुढे सरकतात. कागदावर तीन पक्ष असले तरी प्रत्यक्ष तारखेला उभे दोनच असतात. मालकाला समन्स पोचतं, तो सही करतो आणि घरी बसतो. ‘गाडीचा इन्शुरन्स हाय ना, मग कंपनी बघंल,’ हा त्याचा हिशेब असतो. दोन-तीन तारखा जातात, त्याच्याविरुद्ध एकतर्फा हुकूम होतो आणि फाइलवर उरतात मयताचे वारस आणि कंपनीचा वकील.

हा कंपनीचा वकील पुष्कळदा सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांचा असतो. वकालतनाम्यावर नाव वरिष्ठांचं असतं, कारण न्यू इंडिया, नॅशनल, ओरिएंटल, युनायटेड इंडिया या चार सरकारी कंपन्या असोत किंवा खासगी, त्या आपल्या पॅनलवर मुरलेला वकील घेतात. पण कैफियतीचा मसुदा करणं, पोलिसांच्या कागदांच्या नकला काढणं, आरटीओत खेटे घालणं, दुपारच्या सत्रात ‘सर हायकोर्टात आहेत, तारीख मिळावी’ म्हणणं आणि दोन-तीन वर्षांनी हळूहळू उलटतपासही घेणं, हे सगळं ज्युनिअरचं काम. एलएल.बी. झाली, महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलची सनद मिळाली, अखिल भारतीय बार परीक्षा सुटली, तरी पोट भरण्याची सोय होत नाही. बार कौन्सिल ऑफ इंडियाने ऑक्टोबर २०२४ मध्ये परिपत्रक काढून शहरी ज्युनिअरला महिना २० हजार आणि ग्रामीण भागातल्याला १५ हजार विद्यावेतन द्यावं अशी शिफारस केली. शिफारसच ती, सक्ती नाही. तालुक्याच्या कोर्टात ती किती पाळली जाते हे कुणीही ज्युनिअर हसून सांगेल.

तरीही या कामाला मागणी आहे, कारण फाइली न संपणाऱ्या असतात. दिवाणी दाव्यात पक्षकार फीसाठी झुलवतो, कंपनीची फी उशिरा का होईना पण ठरलेल्या दराने येते. शिवाय मोटार अपघात न्यायाधिकरणात नवा वकील दोन वर्षांत जेवढा पुरावा, जेवढा उलटतपास आणि जेवढे निवाडे शिकतो, तेवढे जमिनीच्या वाटपाच्या दाव्यात दहा वर्षांत शिकायला मिळत नाहीत.

हे काम समजून घ्यायचं तर आधी एक गोष्ट लक्षात घ्यावी लागते. अमेरिकेत विमा कंपनी जो वकील नेमते तो कंपनीच्या पैशाने पण गाडीमालकाच्या वतीने उभा राहतो. त्याचा अशील मालक असतो आणि मालकाविरुद्ध बोलायची त्याला मुभा नसते. आपल्याकडे कंपनी स्वतःच प्रतिवादी असते. कंपनीचा बचाव पुष्कळदा एवढाच असतो की आमच्याच ग्राहकाने, म्हणजे त्या घरी बसलेल्या मालकाने, पॉलिसीची अट मोडली. म्हणजे दावा लावलेला असतो विधवेने आणि कंपनीचा खरा वाद असतो ट्रॅक्टरवाल्याशी. या कामाला बचाव म्हणायचं तर तो कुणापासूनचा, हे नव्या वकिलाला एखादं वर्ष गेल्यावर उमगतं.

ट्रॅक्टरवाला म्हटलं, कारण बीड जिल्ह्यात ऊसतोडीला पर्याय नाही. दसरा-दिवाळी झाली की पाटोदा, शिरूर, धारूर, वडवणी, केज भागातली गावं रिकामी होतात. मुकादमाकडून उचल घेतलेला कोयता, म्हणजे नवरा-बायकोची जोडी, पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातो. जाताना-येताना आणि फडातून कारखान्याकडे, रात्री-अपरात्री, एका ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या अशी वाहतूक चालते. अपघात कोल्हापूर, सांगली नाहीतर बेळगाव जिल्ह्यात होतो, पण दावा बीडला, माजलगावला किंवा अंबाजोगाईला लागतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम १६६ ने अर्जदाराला आपल्या राहत्या ठिकाणी दावा लावायची मुभा दिली आहे, आणि ती अत्यंत रास्त आहे. ज्युनिअरच्या वाट्याला मात्र त्यातून कन्नडमधला पंचनामा येतो. फिर्याद कन्नडमध्ये, दोषारोपपत्र कन्नडमध्ये, आणि अपघात नेमका कसा झाला हे कळायला आधी भाषांतर करणारा शोधायचा.

मग पॉलिसी वाचायची. या धंद्यात कोण किती चांगलं बोलतो याला फार किंमत नाही, कोण पॉलिसी शेवटच्या ओळीपर्यंत वाचतो याला आहे. ट्रॅक्टरची पॉलिसी ‘शेतीच्या कामासाठी’ असते. आसन एकच, चालकाचं. ट्रॉली हे कायद्याने वेगळं वाहन आहे, तिची नोंदणी वेगळी आणि विमाही वेगळा लागतो, तो बहुधा काढलेला नसतो. स्वतःच्या रानातला ऊस स्वतःच्या ट्रॅक्टरने कारखान्यावर नेणं हे शेतीचं काम म्हणता येईल, पण कारखान्याशी वाहतुकीचा करार करून भाड्याने दुसऱ्याचा ऊस ओढणं हे शेतीचं काम कसं? मालकाला हा फरक कुणी सांगितलेला नसतो. पॉलिसी त्याला ट्रॅक्टरच्या कर्जाबरोबर आलेली असते, आणि तिचं पाकीट दावा लागेपर्यंत फोडलेलंही नसतं.

त्यानंतर प्रश्न येतो, मयत बसला कुठे होता. न्यू इंडिया अश्युरन्स विरुद्ध आशा राणी या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २००२ मध्ये ठरवलं की मालवाहू गाडीत फुकट बसलेल्या प्रवाशाची जोखीम सक्तीच्या विम्यात येत नाही. १९९४ च्या दुरुस्तीने मालाचा मालक किंवा त्याचा प्रतिनिधी तेवढा आत आला. गाडीमालकाचा नोकर असेल तर १९२३ च्या नोकर नुकसानभरपाई कायद्याच्या मर्यादेपर्यंत कंपनी जबाबदार धरली जाऊ शकते, आणि जादा हप्ता भरून हमाल-मजुरांचं संरक्षण वेगळं विकत घेता येतं. पण तोडणी मजूर कुणाचा नोकर? उचल मुकादमाने दिली, मुकादमाला पैसे वाहतूक ठेकेदाराने दिले, ठेकेदाराला कारखान्याने. कित्येकदा तो ठेकेदारच ट्रॅक्टरचा मालक असतो. या साखळीतली एकही कडी नीट कागदावर नसते, असते ती मुकादमाच्या वहीत.

म्हणून उलटतपासात विधवेला विचारलेला एक साधा प्रश्न लाखो रुपयांचा असतो. ‘ताई, तुमचे मालक त्या वेळी ट्रॉलीवर उसावर बसले होते, हे खरं का?’ ती ‘होय’ म्हणाली तर कंपनीचा बचाव उभा राहतो. ‘नाही, खाली उतरून मागनं चालत होते,’ म्हणाली तर तो माणूस रस्त्यावरचा त्रयस्थ ठरतो आणि कंपनीची जबाबदारी पूर्ण. ती बाई तिथे होतीच असंही नाही, ती फडात मोळ्या बांधत असते. ‘मला माहीत नाही, मी फडात होते,’ हे तिचं उत्तर खरं असतं आणि दोन्ही वकिलांना नको असतं. तरुण वकील इथे एक चूक हमखास करतो. हवं ते उत्तर मिळाल्यावर तो थांबत नाही, आणखी एक प्रश्न विचारतो. ‘मग तुम्हाला कसं माहीत?’ आणि बाई सांगून जाते, ‘दवाखान्यात त्यांनीच सांगितलं, उतरलो होतो म्हणून.’ पहिल्या फिर्यादीत काय लिहिलंय, पंचनाम्यात रक्त कुठे पडलंय, शवविच्छेदनात कुठली हाडं मोडलीत, हे आधी जुळवून मगच एक प्रश्न विचारायचा आणि खाली बसायचं, हे वरिष्ठ सांगतात. सगळे ऐकत नाहीत.

दुसरा नेहमीचा बचाव परवान्याचा. त्यावर नव्या वकिलाने एक निकाल तोंडपाठ ठेवावा, तो गोव्यातल्या अपघाताचा आहे. नार्सिन्वा कामत विरुद्ध आल्फ्रेडो मार्टिन्स. विमा कंपनीचं म्हणणं, चालकाकडे परवाना नव्हता. पुरावा काय, तर उलटतपासात त्याला तसं विचारलं होतं. सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्ये सांगितलं की अट मोडली असं जो म्हणतो त्याने ते सिद्ध करायचं, नुसत्या प्रश्नाने ते सिद्ध होत नाही. म्हणून आजही एमएच-२३ म्हणजे बीड किंवा एमएच-४४ म्हणजे अंबाजोगाईच्या आरटीओ कार्यालयातून परवान्याचा उतारा आणायचा, तिथल्या लिपिकाला समन्स काढायचं, तो आला की निशाणी पाडून घ्यायची, नाही आला की पुन्हा तारीख.

एवढं करून परवाना नव्हता हे सिद्ध झालं तरी पुरत नाही. गुजरातमधल्या स्कँडिया विरुद्ध कोकिळाबेन खटल्यात ट्रकचा चालक इंजिन चालू ठेवून उतरला आणि क्लीनरने ट्रक हलवला. १९८७ मध्ये न्यायालय म्हणालं, मालकाने परवानाधारक चालक नेमला होता, त्याचा दोष काय? पुढे नॅशनल इन्शुरन्स विरुद्ध स्वर्णसिंग (जानेवारी २००४) या निकालाने तो विचार पक्का केला. अट मोडल्याचंच नव्हे, तर मालकाने निष्काळजीपणे किंवा जाणूनबुजून मोडल्याचं दाखवायला हवं. तसं दाखवलं तरी त्रयस्थाला कंपनीने आधी पैसे द्यावेत आणि मालकाकडून वसूल करावेत, असा आदेश न्यायाधिकरण देऊ शकतं. आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये रंभादेवी खटल्यात घटनापीठाने हलक्या वाहनाचा परवाना ७,५०० किलोपर्यंतच्या मालवाहू गाडीलाही चालतो हे कायम केलं, तेव्हा कंपन्यांच्या कैफियतीतला एक आवडता परिच्छेद गळून पडला. काही ज्युनिअर जुन्या मसुद्यावरून नवी कैफियत करताना तो अजून तसाच ठेवतात.

आता पैशाचं गणित, कारण बहुतेक दाव्यांत कंपनी हरणार का याहून किती रुपयांना हरणार हाच मुद्दा असतो. सरला वर्मा (२००९) आणि प्रणय सेठी (३१ ऑक्टोबर २०१७) या दोन निकालांनी ते जवळजवळ पाढ्यासारखं करून टाकलं आहे. समजा ३२ वर्षांचा तोडणी मजूर गेला, मागे बायको, दोन मुलं आणि आई. उत्पन्न महिना १२,००० धरलं. चाळिशीच्या आतला म्हणून भविष्यातल्या वाढीचे ४० टक्के मिळवले, झाले १६,८००. वर्षाचे २,०१,६००. अवलंबून चार जण, म्हणून त्याच्या स्वतःच्या खर्चापोटी चौथा हिस्सा वजा, राहिले १,५१,२००. वय ३१ ते ३५ साठी गुणक १६. एकूण २४,१९,२००. वर साहचर्याच्या नुकसानीचे माणशी ४० हजार, अंत्यविधी आणि मालमत्तेच्या नुकसानीचे पंधरा-पंधरा हजार, आणि त्यात दर तीन वर्षांनी १० टक्के वाढ.

याच गणितात उत्पन्न १२,००० ऐवजी १०,००० धरलं तर मूळ रक्कम २०,१६,००० होते, म्हणजे चार लाखांचा फरक. तोडणी मजुराकडे पगारपत्रक नसतं. उचल जोडीची, टनामागे दर जोडीचा, मग एकट्या नवऱ्याचं उत्पन्न कोणतं? जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढीचा करार झाला, तेव्हापासून अर्जदाराचे वकील तो दर दाखवतात. कंपनीचा वकील म्हणतो, हंगाम पाच-सहा महिन्यांचा, बाकीचं वर्ष काय? अर्जदाराचा वकील म्हणतो, बाकीचं वर्ष तो रोजगारावर जात होता. खरं दोन्ही बाजूंचं असतं. मरणारी बायको असेल तर पूर्वी ‘गृहिणी’ म्हणून किरकोळ आकडा लावून मोकळं होता येई, जानेवारी २०२१ च्या कीर्ती विरुद्ध ओरिएंटल या निकालानंतर तसं सुटता येत नाही. आणि कोयत्यातली अर्धी मजुरी तिचीच असते, हा मुद्दा तर बीडच्या न्यायाधीशांना समजावून सांगावा लागत नाही.

वयाचंही तेच. ३५ आणि ३६ मध्ये एका वर्षाचं अंतर, पण गुणक १६ चा १५ होतो आणि आपल्या उदाहरणात दीड लाख जातात. आपल्याकडे गुरुजींनी शाळेत घालताना निम्म्या गावाचा जन्म १ जूनला केलेला. आधारवर तिसरीच तारीख. ऑक्टोबर २०२४ मध्ये सरोज विरुद्ध इफ्को-टोकियो या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने आधार हा जन्मतारखेचा पुरावा नव्हे, शाळा सोडल्याचा दाखला वरचढ, असं सांगितलं. म्हणजे १ जूनच जिंकला.

जखमीच्या दाव्यात भर अपंगत्वाच्या दाखल्यावर. अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयातल्या डॉक्टरांना साक्षीला बोलावलं की कंपनीचा वकील टक्केवारी खाली आणायला बघतो. पण राजकुमार विरुद्ध अजयकुमार (२०१०) निकालाने विचारायचा प्रश्नच बदलला. हात गेला तर कारकुनाची कमाई बुडत नाही, सुताराची जवळजवळ सगळी बुडते. पाय अधू झालेला माणूस मोळी डोक्यावर घेऊन ट्रॉलीच्या फळीवर चढू शकत नाही, मग दाखल्यावर ४० टक्के लिहिलेलं असो की ५०.

कुठला बचाव घेऊ नये हे शिकवणारा एक खटला महाराष्ट्राचाच आहे. २९ ऑक्टोबर १९८७ च्या पहाटे पुणे-बंगळूर महामार्गावर पेट्रोलचा टँकर ट्रकशी धडकून उलटला. आजूबाजूचे लोक गळणारं पेट्रोल भरायला जमले आणि काही तासांनी भडका उडून ४६ जण गेले. कंपनीतर्फे युक्तिवाद झाला की स्फोटाच्या वेळी टँकर नुसता पडलेला होता, त्याचा ‘वापर’ चालू नव्हता. शिवाजी दयानू पाटील विरुद्ध वत्सला मोरे या नावाने तो वाद सर्वोच्च न्यायालयात गेला आणि १९९१ मध्ये न्यायालयाने तो मान्य केला नाही. शब्दाच्या टोकावर उभा केलेला बचाव जवळजवळ चार वर्षं टिकला, व्याज मात्र चढत राहिलं. म्हणून शहाणा ज्युनिअर कंपनीला अभिप्राय लिहिताना ‘दावा लढवावा’ हे वाक्य जपून वापरतो.

उलट, खोटे दावे नसतात असंही नाही. धडक देऊन पळालेल्या गाडीऐवजी नातेवाइकाची विमा असलेली गाडी फिर्यादीत येते, महिन्याभराने अचानक साक्षीदार उगवतो. उत्तर प्रदेशात अशा दाव्यांसाठी उच्च न्यायालयाच्या आदेशाने विशेष तपास पथक नेमावं लागलं. रुग्णालयात पहिल्या रात्री लिहिलेल्या नोंदीत ‘दुचाकीवरून घसरून पडला’ असं सापडलं की कंपनीच्या वकिलाचा तो दिवस सत्कारणी लागतो, आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही.

ग्राहक आयोगातली कामं निराळी. तिथे अट मुदतीची असते. लेखी जबाबाला ३० दिवस आणि फार तर आणखी १५. न्यू इंडिया विरुद्ध हिली कोल्ड स्टोरेज (मार्च २०२०) या घटनापीठाच्या निकालानंतर सेहेचाळिसाव्या दिवशी आयोगालाही सवलत देता येत नाही. या आयोगात वर्षानुवर्षं शेतकरी अपघात विम्याच्या तक्रारी यायच्या. मूळचे परळीचे गोपीनाथ मुंडे जून २०१४ मध्ये दिल्लीत मोटार अपघातात गेले, आणि पुढे या योजनेला त्यांचं नाव मिळालं. दोन लाखांच्या दाव्यावर परवाना नाही, व्हिसेरा अहवाल नाही, फेरफार अपघातानंतरचा, अशा हरकती निघत. २०२३ मध्ये सरकारने मधली विमा कंपनीच काढून टाकली आणि थेट सानुग्रह अनुदान सुरू केलं. एका अर्थाने तो विमा कंपन्यांच्या बचावावरचाच निकाल होता.

पीक विम्यात बीडचं नाव देशभर झालं ते ‘बीड पॅटर्न’मुळे. खरीप २०२० ला जिल्ह्यात काम करायला कंपनी पुढे येईना, तेव्हा सरकारी कृषी विमा कंपनीने ८०-११० च्या सूत्रावर ते घेतलं. भरपाई हप्त्याच्या ११० टक्क्यांवर गेली तर वरचा बोजा राज्याचा, ८० टक्क्यांच्या खाली राहिली तर कंपनीने २० टक्के ठेवून उरलेलं राज्याला परत करायचं. शेजारच्या उस्मानाबादेत त्याच हंगामात कंपनीने नुकसानीची खबर ७२ तासांत दिली नाही म्हणून हात झटकले. औरंगाबाद खंडपीठाने मे २०२२ मध्ये साडेतीन लाखांवर शेतकऱ्यांना भरपाई द्यायला सांगितलं. पाऊस रानात उभा असताना ७२ तास मोजायचे कुणी, हा प्रश्न या भागात वाढलेल्या वकिलाला पडतोच, मग तो कुठल्याही बाजूचा असो.

१ एप्रिल २०२२ पासून लागू झालेल्या दुरुस्तीने मोटार दाव्यांचंही वेळापत्रक बदललं आहे. दावा सहा महिन्यांत लावायचा, पोलिसांनी पहिला अहवाल ४८ तासांत आणि सविस्तर अहवाल ९० दिवसांत द्यायचा, कंपनीच्या नेमलेल्या अधिकाऱ्याने ३० दिवसांत देकार द्यायचा. पोलीस ठाण्यांत हे रुळायचं आहे. तोवर राष्ट्रीय लोकअदालत आहेच. तिथे ज्युनिअरचं कौशल्य बोलण्यात नसतं, आदल्या आठवड्यात कंपनीच्या कार्यालयातून मंजुरीचा आकडा काढून आणण्यात असतं. २० लाखांची मंजुरी खिशात, समोरच्याची मागणी २२, आणि दुपारी चारपर्यंत २० वर पुरसीस होते. त्या निवाड्यावर अपील नाही. विधवेला पैसे लवकर मिळतात आणि कंपनीचं व्याज थांबतं.

तडजोड न झालेल्या फाइलीत ‘आधी भरा, मग वसूल करा’ असा निकाल लागला की कंपनी रक्कम जमा करते आणि अर्जदाराचं काम संपतं. कंपनीच्या वकिलाचं संपत नाही. वसुलीसाठी वेगळा दावा लागत नाही, त्याच न्यायाधिकरणात दरखास्त लावता येते किंवा जिल्हाधिकाऱ्यांकडे वसुलीचा दाखला पाठवून जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसुली मागता येते. तहसीलमधून तलाठ्याकडे पत्र जातं आणि वीस-बावीस लाखांचा बोजा ट्रॅक्टर मालकाच्या सातबाऱ्यावर चढवण्याची तयारी होते. ट्रॅक्टरचं कर्जही अजून फिटलेलं नसतं. मालक त्या दिवशी पहिल्यांदा कोर्टात येतो, वकील लावतो आणि एकतर्फा हुकूम रद्द व्हावा म्हणून विलंबमाफीचा अर्ज देतो. त्यात लिहिलेलं असतं की गाडीचा विमा असल्यामुळे कंपनी आपल्या वतीने बघेल असा माझा प्रामाणिक समज होता. त्या अर्जावर कंपनीतर्फे ‘से’, म्हणजे लेखी म्हणणं, द्यायचं असतं आणि मसुदा ज्युनिअरकडे येतो. छापील वाक्य तयारच असतं: अर्जातील मजकूर खोटा व नाकबूल.